गोलंदाजाची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर किंवा साखर कारखान्यातील हंगामी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी क्रिकेटवर बोलणार असे सांगितल्यावर ते हसले. गेटसभेतला माणूस मैदानावर कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु मी आज ज्या गृहस्थाविषयी बोलणार आहे, तो मैदानावर आला तोच मुळी मजूर म्हणून. त्याने केले ते काम, त्याला मिळाली ती मजुरी, आणि त्याने मागितला तो हक्क. तेव्हा विषय माझाच आहे, फक्त कारखाना निराळा आहे.

त्या गृहस्थाचे नाव पालवणकर बाळू.

आधी खेळाविषयी एक साधी गोष्ट सांगतो. क्रिकेटमध्ये कामे दोन. एक फलंदाजी आणि दुसरे गोलंदाजी. फलंदाज एका जागी उभा राहतो आणि चेंडूची वाट पाहतो. गोलंदाज धावतो, खांदा फिरवतो, पुन्हा मागे जातो, पुन्हा धावतो. घाम गाळण्याचा वाटा बहुतेक गोलंदाजाचा असतो. ज्या इंग्लंडने हा खेळ जगाला दिला तेथे ही वाटणी उघडपणे वर्गावर आधारलेली होती. खेळासाठी पैसे न घेणारा तो 'जंटलमन' आणि पैसे घेणारा तो 'प्लेअर'. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजेही पुष्कळ ठिकाणी निराळे. फलंदाजी ही सभ्य गृहस्थांची हौस आणि गोलंदाजी हे पगारी माणसांचे काम, असा सर्वसाधारण रिवाज. हा भेद इंग्लंडने कागदोपत्री मोडला तो 1962 साली.

त्या पद्धतीत काय घडे याचे एकच उदाहरण देतो. हॅरॉल्ड लारवुड हा नॉटिंगहॅमशायरमधला कोळशाच्या खाणीत काम केलेला मुलगा. 1932-33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कप्तान जार्डिनच्या आज्ञेने त्याने अंगावर येणारे चेंडू टाकले आणि पाच कसोटींत 33 गडी बाद केले. पुढे दोन देशांत वितुष्ट आले तेव्हा माफीनाम्यावर सही कर असे सांगण्यात आले ते लारवुडला. त्याने नकार दिला. मी हुकूम पाळला, मी माफी का मागू, असा त्याचा साधा सवाल होता. त्यानंतर तो इंग्लंडतर्फे कधीही खेळला नाही. आमच्या कारखान्यांत यंत्र बिघडले की जबाब घेतला जातो तो यंत्र चालवणाऱ्याचा, यंत्र तसेच रेटा म्हणून सांगणाऱ्याचा नव्हे. ही रीत किती जुनी आहे पाहा.

आता आपल्या माणसाकडे वळू.

बाळूचा जन्म 1876 च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुले पुण्यात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीने बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शिक्षण बेताचे. पोटासाठी बाळू पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात नोकरीस लागला. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे, मधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. पगार महिना तीन रुपये. 1892 साली तो साहेबांच्या पूना क्लबात गेला. तेथे पगार चार रुपये. काम रूळ फिरवणे, जाळी बांधणे, खेळपट्टीवर रेषा आखणे आणि साहेबांच्या टेनिस कोर्टाची निगराणी.

तेथे ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्याला जाळीत गोलंदाजी करायला लावले. बाळू डावखुरा, संथ गतीचा. चेंडू हवेत असा सोडायचा की फलंदाजाला तो आपल्या आवाक्यातला वाटावा, आणि जमिनीला लागला की बोटांनी दिलेल्या फिरकीने तो फळीला चकवून जावा. पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे मोठे नावाजलेले फलंदाज होते. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूकडून सराव करून घेत. बाळूने त्यांना एकदा बाद केले की ते आठ आणे देत, अशी गोष्ट सांगितली जाते.

श्रोतेहो, मी हिशेबी माणूस आहे. महिन्याचे चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेगसाहेबांची एक विकेट म्हणजे आठ आणे. आठ वेळा साहेबांना बाद केले की एक महिन्याचा पगार निघाला. याला आपण उक्ते काम म्हणतो. रूळ फिरवण्याचे काम महिनेवारी आणि विकेट घेण्याचे काम नगावर! ज्या कसबाला क्लबाच्या दफ्तरी किंमत नव्हती, त्याची खरी किंमत त्या आठ आण्यांत दिसते. मालकाच्या एका माणसाने मालकाच्याच वेतनश्रेणीचा खोटेपणा खिशात हात घालून दाखवून दिला.

पण यातली दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. बाळूने त्या क्लबात वर्षानुवर्षे, शेकडो तास गोलंदाजी केली. त्या सगळ्या काळात फलंदाजी कर म्हणून कोणी त्याच्या हाती फळी दिली नाही. आमच्या इचलकरंजीकडच्या यंत्रमागांवर आयुष्यभर कापड विणणाऱ्या माणसाची जी स्थिती, तीच ही. विणायचे, पण त्यातले लुगडे घरी न्यायचे नाही.

पुण्यातील हिंदूंना साहेबांच्या क्लबाला हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज साहेबांच्याच अंगणात रूळ फिरवत होता. त्याला घ्यावा की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्यावा म्हणत होते, ब्राह्मण मंडळींतील काहींचा विरोध होता. शेवटी जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली आणि बाळू संघात आला. मैदानावर सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला. पण चहाची सुट्टी झाली की बाळूचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवणाच्या वेळी त्याचे पान निराळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता.

पुढे साताऱ्याच्या संघाशी सामना झाला. त्याची फिरकी चालू नये म्हणून सातारकरांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक केली, असे सांगतात. बाळूने तरीही सात गडी बाद केले. रूळ फिरवलेली जमीन कशी वागते हे त्या संघात त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यानंतर पुण्यात त्याचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत, असे न्यायमूर्ती रानड्यांनी मंडळींना सुनावल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. आज आपण ज्या वसंत व्याख्यानमालेच्या प्रथेने येथे जमलो आहोत, ती प्रथाही 1875 साली पुण्यात सुरू करणारे हेच रानडे. म्हणून हा विषय या व्यासपीठाला परका नाही असे मी म्हणतो.

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास, 1896 साली, बाळू मुंबईस आला. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, काहींचा विरोध बाजूला सारून, त्याला संघात घेतले. पोटासाठी त्याने बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली आणि रेल्वेच्या संघातूनही खेळला. म्हणजे आठवडाभर नोकरी, सुट्टीत खेळ. आजच्या भाषेत तो व्यावसायिक नव्हता. पण त्याची नोकरी त्याच्या खांद्यावर उभी होती हे कोण नाकारील?

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांनी 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी विजयी झाले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. त्या सामन्यात बाळूने आठ गडी बाद केले.

1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते सामने थोडे खेळले आणि मेजवान्यांना अधिक गेले. संघ पुष्कळ सामने हरला. पण पस्तिशीला आलेल्या बाळूने सर्व सामने मिळून 114 गडी बाद केले, त्यांपैकी 75 प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. दुखऱ्या खांद्याने! महाराजांच्या संघाचे ओझे एका माजी रूळवाल्याने वाहिले. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम दर्जाचे सामने 33, बळी 179, आणि दर बळीमागे दिलेल्या धावा साधारण पंधरा. हे आकडे फार थोडक्यांच्या वाट्याला येतात.

आता प्रश्न कप्तानपदाचा. एवढा अनुभवी, एवढा यशस्वी खेळाडू, त्याला हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले का? नाही. 1913 साली कप्तान झालेल्या म. दा. पै यांनी जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता. पैंचा मोठेपणा खरा, पण कमिटीने ऐकले नाही. मजुराने उत्तम काम करावे, पण मुकादम मात्र व्हायचे नाही, हा तो न्याय.

तोवर बाळूचे धाकटे भाऊही नावारूपाला आले होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल. विठ्ठल हा तर उत्तम फलंदाज. लक्षात घ्या, थोरल्याच्या हाती साहेबाने फळी दिली नाही, आणि धाकट्याने फळीवरच नाव कमावले. एका घरात एका पिढीत एवढा पल्ला गाठला गेला.

1920 साली पुण्यात चौरंगी सामने भरले. बाळूला वगळण्यात आले. पै आजारी होते, तेव्हा कप्तानपद विठ्ठलकडे यावे अशी अपेक्षा होती. ते दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर थोर खेळाडू होते यात वाद नाही. पण आम्हाला डावलले ते गुणांवरून की जातीवरून, असा सवाल करून विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढले आणि संघातून अंग काढून घेतले. श्रोतेहो, याला आमच्या भाषेत काम बंद म्हणतात. त्यांच्यामागे युनियन नव्हती, फंड नव्हता, वकील नव्हता. होती ती फक्त एकमेकांची साथ. लोकांत चर्चा झाली, वर्तमानपत्रांत पत्रे आली. परिणाम असा झाला की पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिघे भाऊ परत आले आणि चव्वेचाळीस वर्षांचा बाळू उपकप्तान झाला. पै मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते का होईना, त्याने हिंदू संघाचे नेतृत्व केले. तीनच वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो, बाळूच्या बळींनी मैदानाचे दार उघडले, पण कप्तानाची खोली उघडली ती भावांच्या एकजुटीने. कसब लागतेच. त्याच्यावाचून तुमचे कोणी ऐकत नाही. पण नुसत्या कसबावर मालक आठ आणे देतो, अधिकार देत नाही.

बाळूचे पुढचे आयुष्य सार्वजनिक कामात गेले. 1932 च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हेही नाव आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉक्टरांना 13,245 मते पडली, बाळूला 11,225. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या आणि इतिहासाने कोणाची वाट रुंद केली ते आपण पाहतोच. बाळूला त्या लढतीत उभे करणाऱ्यांनी त्याच्या नावाचा उपयोग करून घेतला, असे मला वाटते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्याचे निधन झाले.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ, कारण बाळूचा एक भाऊबंद तेथे होता. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातही चेंडू फेकणारा एक असतो, त्याला पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाज एक षटक टाकून विसावतो, दुसऱ्या बाजूने दुसरा टाकतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर सलग टाकत राहतो, आणि तो थकला की मैदानाकडेला अंग गरम करून बसलेला दुसरा बोलावतात. तो बदली पिचर. एकदा बाहेर गेलेल्याला त्या सामन्यात परत येता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांतली बदली पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. सकाळी गेटवर उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर आत, आला तर घरी. फरक एवढाच की बेसबॉलच्या बदलीला सामना हातचा जाऊ लागला की बोलावतात. त्याने वाचवलेल्या सामन्यांची अधिकृत मोजदाद 1969 पासून होऊ लागली. त्याआधी तो वाचवी आणि वहीत नोंद नसे.

अशांपैकी एक सॅचल पेज. 1906 साली अलाबामात जन्मलेला निग्रो, म्हणजे कृष्णवर्णीय, मुलगा. पोरवयात रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या पिशव्या वाहायचा, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात. त्याच्या भर उमेदीची वर्षे काळ्या लोकांच्या निराळ्या संघांत गेली, कारण गोऱ्यांच्या मोठ्या संघांची दारे बंद होती. 1947 साली जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले आणि 1948 साली पेज आत आला, बेचाळीस वर्षांचा 'नवा' खेळाडू म्हणून. पुढे सेंट लुईसच्या संघात तो मुख्यतः बदली पिचर होता. 1965 साली, एकोणसाठाव्या वर्षी, तो शेवटचा उतरला आणि तीन डाव एकही धाव न देता टाकले. 1971 साली थोर खेळाडूंच्या स्मारकगृहात त्याला घ्यायचे ठरले, तेव्हा आधी काळ्या संघांतील खेळाडूंसाठी निराळे दालन काढण्याचा बेत होता. ओरड झाली आणि बेत रद्द झाला. पुण्याचे मातीचे भांडे आणि अमेरिकेचे निराळे दालन, दोन्ही एकाच कुंभाराची.

चेंडू फेकण्याने हाताचे काय होते तेही पाहा. पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध झिजून तुटतो. पूर्वी तो तुटला की माणूस घरी. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातला दुसरा तंतू बसवला आणि तो 1976 साली पुन्हा खेळू लागला. पण औषधोपचार एकट्याने पुरत नाहीत, करार लागतो. तेथील खेळाडू एका मालकाशी कायमचे बांधलेले असत. मालकाच्या मर्जीवाचून दुसरीकडे जाता येत नसे. 1966 साली त्यांनी पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये वाढलेल्या मार्विन मिलर यांना आपल्या संघटनेचे प्रमुख नेमले. 1968 साली पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान वार्षिक वेतन सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर गेले. डिसेंबर 1975 मध्ये लवादाने ती बांधिलकी मोडली. ज्या दोघांच्या दाव्यावरून हा निकाल लागला, ते दोघेही पिचर होते. वेठ मोडायला पुढे आले ते चेंडू फेकणारेच.

आपल्याकडे 2008 पासून शहरांच्या संघांचा लिलाव होतो आणि खेळाडूंना कोट्यवधी मिळतात. ते मिळोत. पण सराव करून घेण्यासाठी जाळीत चेंडू टाकणारी पोरे आजही असतात, आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणारेही असतात. 2019 साली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना उभी राहिली ती निवृत्त खेळाडूंची. हात शाबूत असताना संघटना नाही, हात गेल्यावर आहे, हे मला उलटे वाटते.

यात माझा थोडा स्वानुभव आहे. विशीत मी बरा गोलंदाज होतो. पंचगंगेच्या काठच्या माळावर शिकलेला. एका सूतगिरणीने मला तात्पुरता म्हणून घेतले, खरे तर आंतरगिरणी सामन्यांसाठी. दुपारपर्यंत खात्यात काम आणि संध्याकाळी साहेब लोकांना जाळीत चेंडू. दुसऱ्या वर्षी खांदा गेला. खात्यात माझे काम चोख होते, तरी हंगाम संपल्यावर मला परत बोलावणे आले नाही. खांदा कामावर दुखावला की खेळात, हा प्रश्न विचारायलाही मला शब्द नव्हते. ते शब्द शोधताना मी वाचनालयात जाऊ लागलो आणि तेथूनच युनियनमध्ये आलो.

परंतु बाळूची हकिकत प्रथम वाचली तेव्हा मला माझा खांदा आठवला नाही. आमच्या युनियनच्या कचेरीतली खिडकी आठवली. त्या खिडकीत एक कान तुटलेला कप असे. झाडलोट करणाऱ्या बाई आल्या की आपला चहा त्या कपात ओतून घेत, पायरीवर बसून पीत आणि कप स्वतः विसळून पुन्हा तेथेच ठेवीत. त्यांना तसे करा असे कोणी सांगितले नव्हते. नको, असेही कोणी सांगितले नव्हते. भिंतीवर समतेच्या घोषणा होत्या आणि मी त्यांच्याखाली बसून सात वर्षे तो कप पाहिला. पाहिला आणि दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो उचलला आणि सर्वांचे कप एकाच ताटात ठेवले. बाई म्हणाल्या, "राहू दे की साहेब, माझा हाय त्यो." मला उत्तर सुचले नाही. त्या आत येऊन बाकावर बसायला महिना लागला. आम्हाला लागलेली सात वर्षे मात्र हिशेबात धरा.

म्हणून सांगतो, मंडळी, येत्या रविवारी आपल्या माळावर सामने होतील. फलंदाजाने षटकार मारला की टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण जाळीत तासन् तास चेंडू टाकणारा पोरगा कोण आहे, त्याला फळी कधी मिळते का, आणि चहाच्या वेळी तो कोठे उभा असतो, एवढे एकदा वळून पाहा. पाहिल्यावर काय करायचे ते मी सांगण्याची गरज नाही.